काटा

दोन काटे आहेत माझ्याकडं,
एक ग्रॅमांचा, एक टोपल्यांचा.
वनखात्यानं दुसरा मागून नेला तेव्हा
आडतीवर सतरा टोपल्या खेकडे पडून होते,
सुतळीनं करकचून बांधलेले, फेस काढणारे.
भरलेली मादी, एकशे ऐंशीच्या वर, चढा भाव.
त्याखाली कुणी विचारत नाही.
चुनकुडीच्या काठावर बावीस वर्षं
मी जीव आकड्यांत सांगत आलोय.

इद्रिसच्या शेळ्यांत शिरलेली वाघीण
भुलीची सुई लागून जाळ्यात निजली होती.
चौघांनी बांबू खांद्यावर घेतला,
बांबूला माझा काटा, काट्याला ती.
सुई थरथरली. थांबली.
शहात्तर.

मी काचेवर टिचकी मारली.
शहात्तरच.

एवढ्याचं आम्ही जंगलात नाव घेत नाही,
मामा म्हणतो.
एवढ्यासाठी मधाच्या मोसमात
बायका केसांना तेल लावत नाहीत,
भर दुपारी चूल पेटवत नाहीत.
माझ्या भाताच्या पोत्यावर
एक लहान मूल बसवा, झाली वाघीण.

"उपाशी होती का गं?"
खुलन्याहून आलेली डॉक्टर पोरगी, तहमिदा,
गुडघाभर चिखलात बसून तिचे दात बघत होती.
"नाही काका. धडधाकट आहे. इथल्या माद्या अशाच.
खायला काय, तर चितळ.
तेही केवऱ्याची पानं चघळून, खारं पाणी पिऊन वाढलेलं.
नशीब असेल तर रानडुक्कर.
तराईच्या गवतात सांबर असतो, गवा असतो,
तिथला नर हिच्या तिप्पट भरतो.
पार उत्तरेला, बर्फात,
झाडाखाली पडलेल्या चिलगोज्यांवर डुकरं माजतात,
आणि डुकरांवर वाघ.
ज्या वर्षी बिया कमी, त्या वर्षी वाघाचे हाल."

मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखी,
"इथं एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जायचं,
चिखलातून पाय उपसायचा,
मुळांच्या सुळ्यांमधून पाऊल टाकायचं,
आणि हाती लागणार केवढंसं हरीण.
कदाचित मोठं अंग परवडतच नसेल."

परवडत नाही.
तिच्या सगळ्या बोलण्यातला
हा एक शब्द मला पुरता कळला.

गर्दी बाजूला झाली. सोनाभान आली.
तिच्या मोक्तारला नऊ वर्षांपूर्वी
तालपाटीच्या खाडीत मामानं नेलं होतं.
ही ती नव्हे, सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.
"किती भरली?"
मी सांगितलं.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"माझा माणूस बहात्तर होता.
जहाजावर कामाला घेताना तोलला होता त्याला.
चारच किलो."
कुणी काही बोललं नाही.
मग ती वाकली,
आपला तळवा तिच्या पंजावर ठेवला.
तळवा आत मावला, वर जागा उरली.
"पंजा मात्र…" म्हणाली,
आणि पदराला हात पुसत निघून गेली.

माझ्याकडचा तिसरा काटा
तेव्हा अंगावर आला.

संध्याकाळी काटा परत मिळाला,
हुकात एक पिवळा केस अडकलेला.
आडत बंद करून मी दोन्ही हातांनी हुक धरला,
पाय उचलले.
मान वाकडी करून वाचलं, एकोणपन्नास.
माझा पुतण्या कुवेतला आहे,
दर ईदच्या फोटोत रुंद होत जातो.
त्याचा बाप आणि मी एकाच ताटात जेवायचो.

पहाटे हाबिबुरची बायको खेकडे घेऊन आली.
एकच मादी होती धड.
ग्रॅमांच्या काट्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर.
बावीस वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट केली.
वहीत लिहिलं, एकशे ऐंशी.